न हलणाऱ्या सांध्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. तंतुमय सांधे हा धडा मुलं दोन पानांत गुंडाळतात, कारण गुण गुडघ्याला आणि खांद्याला जास्त. पण कॉलेजबाहेर लोक मला जे विचारतात, त्यातलं निम्मं याच धड्यातलं असतं. कुणाच्या नातवाची टाळू भरत नसते, कुणाचा पैलवान मुलगा लंगडत असतो, कुणाचा दात हलत असतो. ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

तंतुमय सांधा म्हणजे नेमकं काय?

दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. गुडघ्यासारख्या सांध्यात दोन हाडांमध्ये पोकळी असते, तिच्यात वंगणासारखा द्रव असतो आणि हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते. तंतुमय सांध्यात यातलं काहीच नसतं. एका हाडातून निघालेले कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट धागे थेट दुसऱ्या हाडात शिरतात. पोकळी नाही, द्रव नाही, कूर्चा नाही, नुसती बांधणी.

हलतच नाही तर त्याला सांधा कशाला म्हणायचं?

हा प्रश्न दर वर्षी पहिल्या बाकावरून येतो, आणि चूक मुलांची नाही. शाळेत आपण 'अचल सांधे' असं पाठ करतो आणि अचल म्हटलं की मनात येतं ते सिमेंटनं चिणलेलं काहीतरी. मला तो शब्द पटत नाही. हे सांधे वाढतात, दबतात, किंचित देतात, झिजतात आणि दुरुस्तही होतात. घोट्याच्या वरचा तंतुमय सांधा प्रत्येक पावलाला मिलिमीटरभर उघडतो आणि मिटतो. दाताचा सांधा प्रत्येक घासाला दबतो. सांध्याचं काम हलणं एवढंच नसतं, धरून ठेवणं हेही असतं. या सांध्यांनी दुसरं काम पत्करलं आहे इतकंच.

प्रकार किती?

तीन. कवटीच्या शिवणी, म्हणजे सूचर. दोन हाडं पट्ट्यानं किंवा पडद्यानं बांधलेली असतात ती सिंडेस्मोसिस. आणि दात व जबडा यांचा गॉम्फोसिस. परीक्षेपुरतं एवढं बस्स. काही पुस्तकं हाडांमधल्या पडद्याला वेगळा गट देतात. आपापले सर सांगतील तसं लिहावं, वाद घालू नये.

कवटीवरच्या त्या वाकड्यातिकड्या रेषा कसल्या?

आमच्याकडे पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून. पहिल्यांदा कवटी हातात घेतलेल्या एका मुलीनं मागच्या शिवणीवर नख फिरवत विचारलं होतं, "मॅडम, सटवाईचं लिखाण ते हेच का?" वर्ग हसला, पण प्रश्न काही वाईट नव्हता. ती वळणं खरोखरच कुणी घाईत लिहिलेल्या मोडीसारखी दिसतात.

त्या शिवणी आहेत. कवटीचा मेंदूभोवतीचा डबा आठ हाडांचा. कपाळाचं हाड आणि मागची दोन भिंतींची हाडं यांच्यामधून आडवी जाते ती कोरोनल शिवण. त्या दोन हाडांच्या मधोमध पुढून मागे जाणारी सॅजिटल, म्हणजे बाणासारखी. मागे ग्रीक लॅम्डा अक्षराच्या आकाराची लॅम्डॉइड. कानाच्या वर, माशाच्या खवल्यासारखं एक हाड दुसऱ्यावर चढलेलं दिसतं ती स्क्वॅमस. लॅम्डॉइड शिवणीत कधीकधी सुटी छोटी हाडं सापडतात. सतराव्या शतकातल्या ओले वर्म या डॅनिश वैद्याच्या नावावरून त्यांना वर्मियन हाडं म्हणतात. मुलांना हे नाव ऐकून किडे आठवतात, त्याला इलाज नाही.

कवटीचं झाकण उलटं करून पाहिलं की एक गंमत दिसते. बाहेरून जी शिवण इतकी नागमोडी, तीच आतून बरीच सरळ असते. दातेरी कडा एकमेकींत अडकतात त्या मुख्यतः बाहेरच्या अंगाला. अशा कडांमुळे दोन हाडांमधली जोडाची लांबी वाढते, धाग्यांना धरायला जास्त जागा मिळते आणि डोक्यावर बसलेला दणका एका जागी न राहता पसरतो.

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव तुन्नसेवनी, म्हणजे रफू केल्यासारखी शिवण, आणि तो कवटीत असतो असं तिथे म्हटलं आहे. रफू हा शब्द मला शिवणीपेक्षाही जास्त आवडतो. रफूत दोन कापडांच्या कडा एकमेकींत विणल्या जातात, नुसत्या जोडल्या जात नाहीत.

कवटीची हाडं सुटी करता येतात का?

येतात, आणि त्याची जुनी पद्धत स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. तरुण माणसाची सुकी कवटी घ्यायची, खालच्या मोठ्या भोकातून तिच्यात हरभरे किंवा वाटाणे ठासून भरायचे आणि कवटी पाण्यात ठेवायची. दाणे भिजून फुगतात, आतून सगळीकडे सारखा दाब येतो आणि हाडं शिवणीवर उकलतात. हातोडीनं हे जमत नाही. हातोडीनं हाड फुटतं, शिवण सुटत नाही. म्हाताऱ्या कवटीवर हा प्रयोग फसतो, कारण तिथल्या बऱ्याच शिवणी हाडानं भरून गेलेल्या असतात.

बाळाची टाळू कधी भरते?

पुढची मोठी टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत. काही निरोगी बाळांची दोन वर्षांपर्यंतही थोडी उघडी राहते. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांतच मिटते. बाजूच्या चार धरून जन्माच्या वेळी अशा सहा जागा असतात, पण बाकीच्या सहसा हाताला कळत नाहीत.

टाळू म्हणजे हाड नसलेलं भोक नव्हे. तिथे जाड, चिवट पडदा असतो. हळुवार हात फिरवल्यानं, डोकं धुतल्यानं किंवा टोपडं घातल्यानं तिला काही होत नाही. टाळू उडते म्हणून आजीबाई घाबरतात, ती खालच्या रक्तवाहिन्यांची धडधड असते आणि ती असायचीच.

टाळू भरायला तेल लागतं का?

नाही. टाळूवर रोज तेल जिरवायची आपली रीत आहे आणि बाळाला ते आवडतं, आईला बरं वाटतं. पण तेल आत जाऊन हाड बनवत नाही. ज्या घरात तेल लावत नाहीत त्या घरातल्या बाळांच्याही टाळू भरतातच. लावायचंच तर थोडं लावावं आणि धुवावं. थापून ठेवलं की खवले धरतात.

मग घाबरायचं कधी?

रडताना टाळू वर येते, ते ठीक. पण बाळ शांत आहे, उभं धरलं आहे आणि तरीही टाळू ताठ फुगलेली आहे, सोबत ताप, उलट्या किंवा गुंगी आहे, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. कवटीच्या आतला दाब वाढल्याची ती खूण असू शकते, आणि मेंदूज्वर त्यात येतो. टाळू खोल बसली, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे. जुलाब लागलेल्या बाळात हे फार लवकर होतं. अंगावरचं दूध आणि ओआरएस चालू ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. 'टाळू बसली' म्हणून ती वर उचलायचे घरगुती प्रकार चालतात. त्यात जाणारा वेळ बाळाला परवडत नाही.

टाळू फार उशिरापर्यंत उघडी राहिली तर मुडदूस आणि थायरॉइडची कमतरता यांची तपासणी करतात.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, मालीश?

प्रसूतीच्या वेळी कवटीची हाडं शिवणींवर एकमेकींवर चढतात, म्हणून तर एवढं डोकं त्या वाटेनं बाहेर येतं. जन्मल्यावर लांबुळकं दिसलेलं डोकं बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप आकारात येतं. ते मालीशवालीच्या हातामुळे झालं असं श्रेय तिला जातं, जाऊ द्यावं. मात्र डोकं दाबू देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच, मोहरीची असो की कापसाची. तोंड-नाक दबायची भीती असते. एका बाजूला चपटं होत असेल तर झोपवताना बाळाचं तोंड आलटून पालटून दोन्ही बाजूंना करावं आणि जागेपणी, नजरेसमोर, थोडा वेळ पालथं घालावं.

शिवण वेळेआधीच मिटली तर?

ही गोष्ट खरोखर गंभीर आहे. दोन-अडीच हजार जन्मांत साधारण एका बाळात असं होतं. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्यानं वाढतो, डोक्याचा घेर जन्मावेळच्या सुमारे ३४ सेंटीमीटरवरून ४६ च्या आसपास जातो. ही वाढ सामावते ती शिवणींवर, कारण नवं हाड तिथेच चढत जातं. एक शिवण बंद झाली की तिच्या काटकोनातली वाढ अडते आणि डोकं दुसऱ्या दिशेला पळतं. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी १८५१ मध्ये हे मांडलं. सॅजिटल शिवण मिटली तर डोकं रुंद व्हायचं थांबून होडीसारखं लांब होतं. याच प्रकाराचं प्रमाण सगळ्यांत जास्त आहे.

आईनं काय पाहायचं? लसीकरणाला गेल्यावर डोक्याचा घेर मोजून घ्यायचा आणि कार्डावर लिहायला लावायचा. वजन सगळे मोजतात, टेप खिशातच राहते. शिवणीवर बोटाला कडक उंचवटा लागत असेल आणि डोक्याचा आकार दिवसेंदिवस बिघडत असेल तर बालमेंदू शल्यचिकित्सकाला दाखवावं. निदान बाळ काही महिन्यांचं असताना झालं तर शस्त्रक्रिया लहान असते.

शिवणींवरून वय सांगता येतं का?

अंदाजानं, तोही ढोबळ. शिवणी साधारण विशीनंतर आतल्या बाजूनं भरू लागतात, पण माणसागणिक इतका फरक पडतो की एकट्या शिवणीवर कुणी वय ठरवत नाही. कपाळाच्या मधोमध बाळपणी एक शिवण असते. ती बहुतेकांची दोन वर्षांच्या आत मिटते आणि थोड्यांची जन्मभर राहते. एक्स-रेत ती दिसली की नवखा डॉक्टर फ्रॅक्चर समजून दचकतो.

दात आणि जबडा हा सांधा कसा?

गॉम्फोसिस हा शब्द खुंटीवरून आला आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीची खुंटी भोकात बसवताना पाहिली की नाव पटतं. पण फरकही तिथेच कळतो. खुंटी लाकडाला घासून, घट्ट बसून राहते. दात हाडाला टेकलेलाच नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये वहीच्या दोन पानांएवढी, साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो धाग्यांनी दात टांगलेला असतो, झोळीत मूल असावं तसा. भाकरीचा घास चावला की दात किंचित आत दबतो, धागे ताणले जातात आणि हाडावर दाबाऐवजी ओढ येते. हाडाला दाब सोसत नाही, ते विरघळायला लागतं. ओढ मात्र मानवते.

याच धाग्यांत संवेदना असते. भाकरीतली कच कचकन कळते आणि जबडा आपोआप थबकतो तो यामुळे. इम्प्लांट, म्हणजे जबड्यात बसवलेलं कृत्रिम मूळ, थेट हाडात रुजतं, मध्ये धागे नाहीत, म्हणून ते मजबूत असूनही असं हळवं नसतं.

सुश्रुतांनी दाताचा सांधा उखळीच्या गटात टाकला आहे, खांद्याबरोबर. आजच्या वर्गीकरणात दोघांचं काहीच जमत नाही, पण उखळ म्हणून पाहिलं तर दिसतं खरं तसंच.

दात हलायला का लागतात?

मोठ्या माणसात मुख्य कारण पायरिया. हिरड्यांखाली साठलेल्या किटणातले जंतू आणि त्यांच्याशी शरीराची लढाई यात धागे आणि हाड दोन्ही झडतात. दात स्वतः धडधाकट असतो, सांधा गेलेला असतो. आमच्या भागातल्या बायका मिश्री लावून 'दात बळकट होतात' म्हणतात. तंबाखूनं हिरड्यांतून रक्त येणं दबतं, त्यामुळे आजार लपतो, बळकटी येत नाही.

क जीवनसत्त्व अजिबात न मिळाल्यानं खलाशांचे दात पडत, तेही याच सांध्यामुळे. ते जीवनसत्त्व नसेल तर धड कोलॅजेन बनत नाही, आणि दाताभोवतीचे धागे शरीर सतत नव्यानं विणत असतं. विणकाम थांबलं की सगळ्यांत आधी तिथे कळतं.

तारा लावून दात सरकतात ते कसे?

दाताच्या एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला ताण. दाबाकडचं हाड विरघळतं, ताणाकडे नवं बनतं, आणि सांधा दाताला घेऊन हळूहळू चालत जातो, महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, न घालणाऱ्यांचे दात परत फिरतात, कारण धाग्यांना जुनी जागा ओढते.

लहान मुलांत वरचा जबडा रुंद करायला तोंडात स्क्रू बसवतात आणि आई रोज किल्लीनं तो थोडा फिरवते. तिथे उघडते ती टाळूच्या मधली शिवण. मराठीत डोक्यावरचीही टाळू आणि तोंडातलीही टाळू. दोन्हीकडे शिवण आहे हा योगायोग मला वर्गात सांगायला आवडतो.

दात मुळासकट निखळून पडला तर?

पक्का दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. मुळाला हात लावायचा नाही, घासायचं नाही, कारण त्यावर चिकटलेले धागे जिवंत असतात. माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरायचा आणि शक्य असेल तर लगेच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून दंतवैद्याकडे पळायचं, अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम. लोक दात कापसात गुंडाळून आणतात. कोरड्या कापसात धागे मरतात आणि मग दात बसवला तरी टिकणं अवघड. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. खाली पक्क्या दाताचा कोंब असतो.

पाय मुरगळला, पण दुखतं घोट्याच्या वर. हे काय?

इथे थोडं थांबते, कारण हे घरात घडलं आहे. माझा भाचा तालमीत जातो. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरापासून इकडे कृष्णाकाठानं खाली यावं, कुठल्याही गावात तालीम सापडते. एका संध्याकाळी जोडीदारानं एकेरी पट काढला, म्हणजे याचा एक पाय धरून ओढला. याचं दुसरं पाऊल मातीत रुतलेलं, अंग फिरलं, पाऊल बाहेर वळलं. एका दवाखान्यात झोपवूनच एक्स-रे काढला, "हाड शाबूत आहे, क्रेप बांधा" म्हणून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. "मावशी, सूज तर घोट्याला दिसतच नाही. वर नडगीच्या बाजूला दुखतंय, आणि जिना उतरताना पाऊल टाकवत नाही."

मी दोन्ही हातांनी त्याची पोटरी मध्यावर दाबली, नडगीचं हाड आणि बाजूचं बारीक हाड जवळ येतील अशी. तो ओरडला, पण हात पोटरीवर नाही, घोट्याच्या वर नेला. तेवढ्यावर निदान पक्कं होत नसतं, पण शंका घ्यायला ते पुरे.

नडगीचं हाड म्हणजे टिबिया आणि बारीक फिब्युला ही दोन हाडं घोट्याच्या वर मजबूत बंधांनी बांधलेली असतात. हीच सिंडेस्मोसिस. दोघं मिळून चिमटा बनवतात आणि त्या चिमट्यात टॅलस हे पावलाचं वरचं हाड बसतं. टॅलस पुढे रुंद, मागे अरुंद. पाऊल वर उचललं की रुंद भाग चिमट्यात शिरतो आणि चिमटा एक-दीड मिलिमीटर उघडतो. साध्या मुरगळीत पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या घोट्याखालचे बंध ताणतात. या मुरगळीत पाऊल बाहेर फिरतं आणि चिमटाच फाकतो. कबड्डीत रेडरचा घोटा धरला आणि तो गरकन फिरला की हेच. यवतेश्वरचा घाट उतरताना दगडावर पाय फिरला तरी हेच.

चिमटा फाकलेला राहिला तर काय? १९७६ मध्ये झालेल्या एका प्रयोगात टॅलस एक मिलिमीटर बाहेर सरकवल्यावर घोट्यातला हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटला होता. उरलेल्या जागेवर सगळं वजन, म्हणजे काही वर्षांत घोट्याची झीज.

म्हणून शंका असेल तर उभं राहून, पायावर भार देऊन एक्स-रे काढायला सांगावं, दोन्ही पायांचा. गरज पडली तर एमआरआय. भाच्याचे बंध अर्धवट फाटले होते, घोटा जखडून ठेवणारा दवाखान्यातला बूट आणि कुबड्यांवर निभावलं. पूर्ण फाटून चिमटा सैल झाला तर स्क्रू किंवा दोरी-बटण बसवून तो बांधावा लागतो.

हाडवैद्याकडे चोळून घेतलं तर?

साध्या मुरगळीतसुद्धा पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. या मुरगळीत तर पाऊल धरून झटका देणं म्हणजे फाटलेलं आणखी फाडणं. वस्तादांना मी हेच सांगते, आणि ते ऐकतात कारण त्यांचेही चांगले पैलवान यात गेले आहेत.

किती दिवस लागतात?

साध्या मुरगळीच्या दुप्पट धरा. दीड-दोन महिने, शस्त्रक्रिया झाली तर तीन-चार. एका पायावर टाच उचलून दुखत नाही तोवर आखाड्यात उतरायचं नाही. यात्रेचं मैदान पुढच्या वर्षीही भरतं.

जोर मारताना हाताच्या दोन हाडांमधला पडदा काय करतो?

तळहातावर आलेलं वजन मनगटाशी सुमारे ८० टक्के रेडियसवर येतं, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर. कोपराशी मात्र मोठं काम दुसऱ्या हाडाचं, अल्नाचं. मधल्या पडद्याचे धागे रेडियसकडून अल्नाकडे तिरपे खाली उतरतात. रेडियस वर ढकललं गेलं की ते ताठ होतात आणि भाराचा वाटा अल्नाला देतात. हातावर पडून कोपराजवळ रेडियसचं डोकं मोडलं असेल तर मनगटही तपासून घ्या. कधीकधी मधला पडदा उभा फाटलेला असतो आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

या सांध्यांतलं वंगण संपतं का? संधिवात होतो का?

वंगण नव्हतंच, संपणार कुठून. आमवात ज्या अस्तरावर हल्ला करतो ते अस्तर इथे नसतं, त्यामुळे गुडघ्या-बोटांसारखा तो इथे होत नाही.

मणक्यांमधली गादी यातच येते का?

नाही. ती आणि ओटीपोटाखालचा पुढचा जोड हे कूर्चेचे सांधे. त्रिकास्थी आणि कमरेचं हाड यांच्या सांध्याचा मागचा भाग मात्र तंतुमय आहे. तोंडी परीक्षेत हमखास इथेच पकडतात.

सगळ्यांत लहान तंतुमय सांधा कुठला?

माझ्या मते कानातला. रिकिबीच्या आकाराचं तीनेक मिलिमीटरचं हाड आतल्या कानाच्या खिडकीत गोल बंधानं बसवलेलं असतं. प्रत्येक आवाजाला ते त्या चौकटीत थरथरतं. काही जणांत, बऱ्याचदा ऐन तारुण्यात, तिथे नवं हाड वाढतं आणि रिकीब जखडते. पडदा शाबूत, नस शाबूत, तरी ऐकू कमी येतं. मग कानाचे सर्जन त्या हाडाच्या जागी किंवा त्याच्या तळाला भोक पाडून बारीक पिस्टन बसवतात, आणि पुष्कळांना पुन्हा चांगलं ऐकू येतं.